माळेतला रुपया, वहीतला रुपया

जव्हार संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. तोवर तिथे मुकणे राजांचा अंमल होता; पण विसाव्या शतकात बाजारात फिरत होता तो ब्रिटिश हिंदुस्थानचाच रुपया, 16 आण्यांचा, 64 पैशांचा, 192 पैंचा. 1 एप्रिल 1957 रोजी देशात दशमान पद्धत आली आणि आणे-पैचा हिशेब कायद्यातून उठला. डोंगरातून तो रुपया मात्र पुरता गेलेला नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर एखाद्या म्हातारीच्या गळ्यात, नाहीतर पत्र्याच्या पेटीच्या तळाशी फडक्यात बांधलेले, कडी लावलेले राणीछाप आणि राजाछाप रुपये अजून निघतात.

या रुपयाविषयी दोन मतं आहेत आणि दोन्ही पोटतिडकीने मांडली जातात. इथे ती दोघांच्या तोंडी घातली आहेत. माणसं दोन, पण बोलणं अनेकांचं. एक जव्हारचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. जुनी नाणी जमवणं हा त्यांचा आयुष्यभराचा नाद. दुसरी मोखाडा तालुक्यातल्या पाड्यावरची, बचत गटातून बँक सखी झालेली. खांद्याच्या पिशवीत अंगठ्याचं मशीन घेऊन ती घरोघरी फिरते आणि लोकांना त्यांच्या खात्यातले पैसे काढून देते. शाळेत ती गुरुजींच्याच हाताखाली शिकली.

गुरुजी : हा धर हातात. पंचम जॉर्जचा, 1918 चा. वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि 12 भागांतले 11 भाग चांदी. कंपनी सरकारने 1835 मध्ये हे माप ठरवलं ते थेट 1940 पर्यंत टिकलं. आता उलटा कर. खाली कमळाचं फूल आहे ना, त्याच्या बुडाशी बारीक ठिपका आहे बघ. डोळ्यांना नाही दिसला तर नखाला लागेल. तो असला की नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, नसला की कलकत्त्याचं. आणि आता फरशीवर टाक. ऐकलंस? ज्याला अक्षर येत नव्हतं त्यालाही खरा-खोटा रुपया कानाने कळायचा. आजच्या नोटेचं तसं काही सांग मला.

ताई : आवाज खणखणीत आहे, गुरुजी. पण वाजवून घ्यायला तो आधी हातात यावा लागतो. माझ्या आज्याच्या हाती बंदा रुपया आला तो लग्नात, देज द्यायला. सावकाराच्या पेटीतून निघाला, आज्याच्या तळहातावर टेकला आणि नवरीच्या बापाकडे गेला. आज्याकडे काय राहिलं? कर्ज. डहाणू-तलासरीकडे तर असे पैसे उचललेल्या माणसाला लग्नगडीच म्हणायचे. एका लग्नाचे पैसे फेडायला नवरा-बायको दोघं शेठच्या शेतावर वर्षानुवर्षं राबायची. तुमचा रुपया चोख होता हे मी मानते. माणूस बांधला गेला तो त्याच चोख रुपयाने.

गुरुजी : हा दोष सावकाराचा. रुपयाला का लावतेस?

ताई : कारण रुपया त्याच्या वहीत राहत होता. पावसाळ्यात घरात दाणा नसायचा तेव्हा मणभर भात आणायचं आणि पीक आलं की सवाईने नाहीतर दिढीने परत करायचं. सव्वा मण, दीड मण. फिटलं नाही की पुढच्या वर्षी त्यावर पुन्हा सवाई. मग कधीतरी भाताचे रुपये व्हायचे, आणि किती झाले ते वहीवाला सांगेल तेच खरं. अंगठा मात्र आज्याचा.

इथे मला थोडं मध्ये बोलायचं आहे. जुन्या मराठी शाळेत मुलं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करायची. साडेतीनपट म्हणजे औटकी, ती सुद्धा. हा घोकंपट्टीचा छळ होता असं आज लिहिलं जातं. पण मण-शेर आणि रुपये-आणे यांच्या बाजारात उभं राहायचं तर तेच हत्यार होतं. सावकाराला सवायकी आणि दिडकी झोपेतही येत होती. ज्याला ती येत नव्हती त्याच्या हातात शुद्ध चांदी ठेवली काय आणि शिसं ठेवलं काय, संध्याकाळी तो रिकामाच घरी जाणार होता. नाण्याच्या खरेपणाची चर्चा करताना हिशेब कोणाला येत होता हे आधी विचारलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पण गुरुजींकडे याला उत्तर आहे, आणि ते कच्चं नाही.

गुरुजी : पाढे सोड. 16 हा आकडाच अडाणी माणसाच्या सोयीचा होता. सोळाचे अर्धे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. रुपया, अधेली, पावली, चवली, आणा. चौघी बायका मिळून गवताचा भारा विकायच्या आणि खाली बसून नाणी मांडायच्या, वाटणी बिनचूक. दहाचे अर्धे पाच, पुढे? पाचाचे अर्धे करताना आमची पोरं चौथीत अडखळायची. दशमान पद्धत कागदावर लिहिणाऱ्यांची आहे. बोटांवर मोजणाऱ्यांची 16 ची.

ताई : हे मला पटतं. गटात अजून आजीच्या वयाच्या बायका पावलीने मोजतात. शंभराच्या चार पावल्या म्हणतात आणि चुकत नाहीत. पण गवताचं नाव काढलंत म्हणून सांगते. 1945 मध्ये उंबरगाव-डहाणूकडे वारली उठले ते काय मागत होते? दिवसाची मजुरी 12 आणे, आणि 500 रत्तल गवत कापायचे अडीच रुपये. गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर आणि किसान सभा पाठीशी होती. त्या मे महिन्यात झरीला सभा झाली, वेठ करायची नाही असं ठरलं आणि ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला. माणसं मेली, गुरुजी. बारा आण्यांसाठी. बंदा रुपया सुद्धा मागितला नव्हता त्यांनी.

गुरुजी : गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी वाचलंय. आणि म्हणूनच म्हणतो की ही नाणी जपली पाहिजेत. बारा आणे म्हणजे किती हे आजच्या पोराला कसं कळणार? पंच्याहत्तर पैसे म्हणून तो उडवून लावेल. अधेली आणि पावली त्याच्या तळहातावर ठेव, मग सांग की एवढ्यासाठी लोक गोळीसमोर उभे राहिले.

ताई : ते दाखवाच. पण मग 1957 चंही सांगा. माझी आजी त्या दिवसांबद्दल अजून रागाने बोलते.

गुरुजी : खरी गोष्ट आहे. एका आण्याचे बसतात सव्वासहा नवे पैसे. सव्वासहाचं नाणं कुठून आणणार? म्हणून सरकारने कोष्टक काढलं. एक आणा म्हणजे 6 नवे पैसे, दोन आणे 12, तीन आणे 19, चार आणे 25. चारला येऊन हिशेब जुळायचा. रुपया, अधेली, पावली यांना काही धक्का नव्हता. घोळ होता तो पावलीच्या खाली. जुन्या एका पैशाचे होतात दीडहून थोडे जास्त नवे पैसे, कोष्टकात धरले दोन.

ताई : म्हणजे जी बाई एकदम आण्याचं मीठ घ्यायची तिला सहा पडले. आणि जी रोज पैशापैशाचं घ्यायची तिला चार वेळचे मिळून आठ पडले. सव्वासहाच्या जागी आठ! आण्याचं मीठ एकदम घेण्याची ऐपत आमच्याकडे कोणाची होती? आजीला कोष्टक माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की तोच दुकानदार, तीच पुडी, आणि पैसे जास्त.

हा हिशेब लहान वाटेल. दिल्लीत ज्यांनी कोष्टक केलं त्यांनी नियमाप्रमाणे केलं, निम्म्याहून जास्त अपूर्णांक वर ढकलला, निम्मा किंवा कमी तो सोडला. त्यात लबाडी नव्हती. पण गोळाबेरजेचा भार सगळ्यात बारीक खरेदी करणाऱ्यावर पडतो. पाड्यावरची खरेदी बारीकच असते. तेल पळीने, साखर पुडीने, आणि आजचं मोबाइलचं रिचार्जही सगळ्यात छोटं.

गुरुजी : आता माझी बाजू ऐक. तुझं म्हणणं असं की नाणं बदललं की गरीब मरतो. नेहमी नाही. दुसरं महायुद्ध चालू झालं, चांदी कमी पडली. 1940 पासून रुपयात चांदी निम्मी राहिली, बाकी तांबं, निकेल, जस्त. खोटी नाणी पडू नयेत म्हणून कडेवर आणखी एक नक्षीची खाच आली. पुढे जुने चोख रुपये सरकारने टप्प्याटप्प्याने बाद केले. 1941 मध्ये व्हिक्टोरियाचा, पुढच्या वर्षी एडवर्डचा, मग जॉर्जचा. शहरातला माणूस खजिन्यात धावला, चोख रुपया देऊन निम्म्या चांदीचा घेऊन आला. त्याशिवाय अमेरिकेकडून 22 कोटी औंसांवर चांदी उसनी आली होती, ती चांदीच्याच रूपात परत करायची होती. म्हणून 1947 चा रुपया निघाला निकेलचा, मागे वाघ असलेला, आणि हलक्या चांदीचे रुपये गोळा होऊन आटणीला गेले. या सगळ्यात नुकसान कोणाचं नाही झालं? तुझ्या पणजीचं. तिने व्हिक्टोरियाच्या रुपयाला कडी लावून गळ्यात घातला होता. खजिना कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, मुदत ठाऊक नव्हती. चलन म्हणून तो रुपया मेला आणि चांदी म्हणून तसाच राहिला. आज एका रुपयातली 10.69 ग्रॅम चांदी हजाराच्या वर जाते.

ताई : हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तेव्हा जो खजिन्यापर्यंत पोचला नाही तो वाचला.

गुरुजी : वाचला. कारण मोल नाण्यातच होतं.

ताई : आणि 2016 मध्ये जो पोचला नाही तो बुडाला.

गुरुजी : हो.

ताई : आमची दिवाळी झाली होती, 30 ऑक्टोबरची. लोक भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर निघत होते. काही गेले होते, काहींनी उचल घेतली होती आणि गाडीची वाट बघत होते. उचल पाचशेच्या नोटांत, हजाराच्याही. 8 नोव्हेंबरच्या रात्री त्या बंद झाल्या. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते, ती सुद्धा जुन्या नोटांत देत होते, घ्यायचं तर घ्या म्हणून. इथे बँकेची रांग सकाळी सहापासून. पाड्यावरून यायला जीप, जीपला भाडं, ते भाडं द्यायला सुटे नाहीत. एक म्हातारी नोटा बदलायला आली, तिचं आधार भट्टीवरच्या मुलाकडे. 24 नोव्हेंबरला बदलून देणं थांबलं, 30 डिसेंबरला भरणंही संपलं. पुढच्या पावसाळ्यात आमच्या घरची नाचणीची कणगी रिकामी केली तर तळाला पाचशेची एक नोट निघाली. आजीने कधीतरी लपवलेली. वाळवीने एक कोपरा खाल्ला होता. कोपरा गेलेली नोट बँक बदलून देते, मीच आता लोकांना सांगते, मोठा तुकडा 80 टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे मिळतात म्हणून. पण ती नोट अख्खी असती तरी कागदच होती. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये सांगितलं की बंद केलेल्या नोटांपैकी 99.3 टक्के परत आल्या, 10,720 कोटी रुपये आले नाहीत. त्यातले पाचशे आमचे.

गुरुजी : याआधीही नोटा बंद झाल्या होत्या. जानेवारी 1946 मध्ये, मग जानेवारी 1978 मध्ये. पण त्या मोठ्या नोटा. 1978 ला गेल्या त्या एक हजार, पाच हजार, दहा हजारांच्या. जव्हारच्या बाजारात एखाद्या व्यापाऱ्याने पाहिली असेल तर असेल.

ताई : तेच सांगते. त्या वेळी पाड्यापर्यंत काही आलंच नाही. या वेळी कणगीच्या तळापर्यंत आलं. आणि लोकांनी त्यातून काय धडा घेतला, तुम्हाला सांगू? आता बायका दहाचं नाणं सुद्धा घेत नाहीत. कोणीतरी सांगतं की ते बंद झालं, नाहीतर खोटं आहे. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये खुलासा केला की दहाच्या नाण्याचे 14 प्रकार आहेत आणि सगळे चालतात. मी तो कागद पिशवीत घेऊन फिरते. कागद बघतात, मान डोलावतात आणि म्हणतात, नोटच दे. एकदा हात पोळला की सरकारी खुलाशाला कोण विचारतं?

गुरुजी : आणि तीच बाई राणीछाप रुपया दिला तर लगेच घेईल.

ताई : घेईल. दाताखाली धरून बघेल आणि घेईल.

दोघं इथे पहिल्यांदा एका बाजूला आले, आणि मलाही या जागेपाशी थांबावंसं वाटतं. सरकार ज्याच्या पाठीशी आहे ते दहाचं नाणं नाकारलं जातं, आणि ज्याच्या पाठीशी ना राजा ना राज्य तो रुपया चालतो. हा अडाणीपणा आहे असं तालुक्याच्या कचेरीत म्हटलं जातं. मला तो अनुभव वाटतो. कागदावर मेलेलं मोजमाप कागदावरच जिवंतही ठेवता येतं, हे या लोकांनी दर वर्षी पाहिलं आहे. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनात नाहीत. तरी गावाचं पीक महसूल खातं अजून पैशांत मोजतं. लोकांच्या तोंडी ती अजून आणेवारीच. भात, नाचणी, वरई किती हाती आली याचा आकडा 50 पैशांच्या आत आला तर टंचाईच्या सवलती, दोन पैसे वर गेला तर काही नाही. ज्या दोन पैशांना दुकानात काही मिळत नाही, त्यांच्यावर अख्ख्या गावाचं वर्ष ठरतं. आणि तो आकडा काढणारी वही पुन्हा दुसऱ्याच्याच हातात.

खरी खडाजंगी पुढे झाली, ती माळेवरून. ताईच्या आजीच्या माळेत एक रुपया 1911 चा आहे. गुरुजींनी तो एका लग्नात पाहिला आणि तेव्हापासून त्यांना चैन नाही.

गुरुजी : पंचम जॉर्जचा पहिल्या वर्षाचा रुपया आहे तो. राजाच्या अंगरख्यावर पदकांची साखळी आहे, तिच्यात एक हत्ती कोरलाय. त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात खळबळ माजली आणि 1912 पासून साचा बदलून नीट सोंडेचा हत्ती आला. त्या पहिल्या साच्याचे रुपये थोडेच बाहेर पडले. हा असा रुपया माळेत घासून चाललाय! वर डाक देऊन कडी लावलीये, म्हणजे संग्राहकाच्या लेखी अर्धी किंमत तिथेच गेली. उद्या कोणी अडचणीत सोनाराकडे नेलं तर तो वजनावर घेईल, घट धरेल आणि आटवून टाकेल. मी म्हणतो, तालुक्यातले असे रुपये गोळा करू. जव्हारला एका खोलीत काचेच्या पेटीत मांडू. खाली ज्या त्या घराचं नाव लिहू.

ताई : नाही.

गुरुजी : कारण?

ताई : सावकाराच्या पेटीतून तो आमच्याकडे आला, आणि तुम्ही तो परत पेटीत न्यायला निघालात. चावी कोणाकडे राहणार? माझी आजी आजारी पडली तर रात्री दोन वाजता तुमच्या काचेच्या पेटीतून रुपया कसा काढू? आजा गेला तेव्हा त्या माळेतले काही रुपये मोडून घर चाललं. कडी लावली म्हणून किंमत गेली म्हणता, पण कडी नसती तर तो रुपया कधीच शेठच्या गल्ल्यात गेला असता. बाईच्या गळ्यातला दागिना होता म्हणून कोणी मागितला नाही. कडीनेच राखला तो.

गुरुजी : मग आटू द्यायचा?

ताई : असं मी म्हटलं नाही. आमच्या गटाकडे भाजीचा काटा आहे, ग्रॅमचा छोटा काटा आम्ही घेऊ. ज्या घरी माळ आहे त्या घरी बसून रुपया न् रुपया तोलायचा. साल, छाप, टांकसाळीचा ठिपका आहे की नाही, वजन, कोणाकडून आला, देजात आला की मजुरीत आला, सगळं लिहायचं. फोटो काढायचा. वही त्या बाईकडे. मोडायची वेळ आली तर सोनारापुढे ती वही उघडून बसेल, मग घट किती धरतो ते बघू. तुम्हाला करायचंच असेल तर पोरींना ठिपका बघायला शिकवा.

गुरुजी : शिकवीन. पण 1911 चा रुपया जाणत्याने एकदा पाहिला पाहिजे, माझं भिंग पुरत नाही. त्र्यंबकच्या पुढे अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, 1980 पासूनची. जगभरातले अभ्यासक येतात तिथे. मोखाड्याहून एका दिवसात जाऊन येता येतं. रुपया माझ्याकडे दे, मी स्वतः नेतो आणि संध्याकाळी परत आणतो.

ताई : रुपया एकटा कुठे जाणार नाही.

गुरुजी : मग माळ दे.

ताई : माळ आजीच्या गळ्यात आहे, गुरुजी. आजी येईल. तिला गाडी लागते, पुढची जागा धरावी लागेल. तिथे त्यांनी तिच्याशेजारी बसून भिंग लावावं आणि काय दिसलं ते तिला सांगावं. सोंडेचा किस्सा तिला माहीत नाही, तो तिथे जाईपर्यंत तुम्हीच सांगा. आणि परत येताना त्यांच्याकडून लेखी घ्या, नाव तिचं घालून.

गुरुजी : बरं. कधी निघायचं?

ताई : लावणी उरकू द्या.